जॉब टेबलावर ठेवा: व्यावसायिक शाळेतल्या मुलांचा गुणगौरव कसा करावा

मी व्यावसायिक माध्यमिक शाळेत फिटिंग आणि टर्निंग शिकवते, म्हणजे कानशीने आणि लेथवर धातूचे भाग घडवायला. वर्कशॉपमध्ये मूल जी वस्तू घडवतं, तिला आम्ही 'जॉब' म्हणतो. सत्र संपत आलं की गुणगौरवाची जबाबदारी माझ्याकडे येते आणि मी ती आनंदाने घेते. वर्षभर कानशीच्या आवाजात आणि कूलंटच्या वासात उभं राहून मुलं जे शिकतात, ते वर्कशॉपच्या दाराबाहेर फारसं कुणाला दिसत नाही. वर्षातून एकदा तरी ते नीट दिसावं यासाठी काय काय करावं लागतं, ते इथे लिहिते आहे. ट्रेड कुठलाही असो, वायरिंग, सुतारकाम, शिवणकाम, केशरचना, रुग्णसेवा, संगणक, थोडा फेरफार करून हे सगळीकडे लागू पडतं.

नेहमीचा गुणगौरव आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. नाव पुकारतात, मूल मंचावर येतं, प्रमाणपत्र, फोटो, टाळ्या, पुढचं नाव. लेखी परीक्षेच्या शाळेत याने भागत असेल, कारण तिथलं यश टक्क्यांत सांगता येतं. आमच्या मुलांचं यश हातात धरता येतं, उलटसुलट करून पाहता येतं, त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावता येतो. मग त्याचेही टक्केच सांगायचे आणि जॉब मात्र कपाटात कुलूप लावून ठेवायचा, हे मला पटत नाही. म्हणून माझी सगळी तयारी तीन गोष्टींसाठी असते: काम लोकांसमोर ठेवायचं, त्यातलं कळणाऱ्या माणसाला ते दाखवायचं, आणि मुलाने त्यात नेमकं काय साधलं ते एका वाक्यात सांगायचं.

सुरुवात वहीपासून

समारंभाच्या आठवड्यात शिक्षकांना नावं विचारली की दोनच प्रकारची मुलं आठवतात, पहिला नंबर काढणारी आणि त्रास देणारी. मधली सगळी निसटतात. यावर उपाय एकच, वर्षाच्या पहिल्या आठवड्यापासून नोंद ठेवणं. हत्यारं देण्याच्या खिडकीशेजारी एक वही दोरीने बांधून ठेवा. आठवड्यातून एकदा प्रत्येक निदेशकाने, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या शिक्षकाने, तिच्यात एक-दोन ओळी लिहायच्या: कोण, कुठला जॉब, काय केलं. तारीख टाकायची.

या वहीला माझा एक नियम आहे. "चांगलं काम केलं", "मेहनती आहे", "प्रगती उत्तम" असं काही लिहायचं नाही. सहा महिन्यांनी त्या ओळीतून काहीच हाती लागत नाही. लिहायचं ते असं: "व्ही-ब्लॉकची दुसरी बाजू सपाट येईना, स्वतःहून प्रशियन ब्लू लावून उंचवटे शोधले, विचारायला आला नाही." किंवा "लेथ बंद करताना बाजूच्या मुलीच्या लेथच्या चकमध्ये चावी राहिलेली दिसली, आधी तिला थांबवलं, मग स्वतःचं आवरलं." अशी ओळ वाचली की तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि पुढे कौतुकाचं वाक्य लिहायला तीच कामी येते.

दर महिन्याला हजेरीपट आणि वही शेजारी ठेवून पाहा, कुणाचं नाव अजून एकदाही आलेलं नाही. ज्यांचं आलं नाही त्यांच्या बाकाजवळ पुढच्या आठवड्यात मुद्दाम जास्त वेळ उभं राहायचं. खोटं कौतुक तयार करायला नव्हे. त्यांच्याकडे आपलं लक्षच गेलेलं नसतं, म्हणून. गप्प बसून काम करणारी मुलं निदेशकाला सोयीची असतात, आणि तीच सगळ्यात आधी नजरेआड होतात. शोधायला गेलं की जवळपास नेहमी काहीतरी खरं सापडतं. एखाद्याची हत्यारं रोज जागच्या जागी पुसलेली असतात, एखादी इतरांच्या ड्रॉइंगमधला मापाचा चुकलेला आकडा पटकन पकडते.

कशाकशाचं कौतुक करायचं

कौशल्य तर झालंच. पण फक्त तयार जॉबच्या सफाईवर गेलात तर ज्यांच्या हातात घरूनच काम आहे तीच मुलं दरवर्षी पुढे येतील. म्हणून प्रगती वेगळी पाहा: पहिल्या महिन्यातला जॉब आणि शेवटच्या महिन्यातला जॉब यांतलं अंतर. सुरक्षिततेच्या सवयी वेगळ्या पाहा. मिळून केलेलं काम, दुसऱ्याला शिकवणं, बाहेरच्या संस्थेची प्रमाणपत्र परीक्षा, स्पर्धा, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचा अनुभव, हेही सगळं त्यात येतं.

एक गोष्ट मात्र बहुतेक शाळांत राहून जाते आणि तिच्याबद्दल मला फार वाटतं. बारावीनंतर पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळालेल्या मुलांची नावं फलकावर लागतात. ज्यांना थेट नोकरी किंवा अॅप्रेंटिसशिप मिळाली, त्यांची लागत नाहीत. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या हेन्रायको काउंटीच्या शाळांनी २०१८ मध्ये यावर साधी युक्ती केली. तिकडे चांगल्या खेळाडूंना कॉलेजचा संघ मिळाला की टेबलावर बसून, सगळ्यांसमोर सही करण्याचा सोहळा होतो. या शाळांनी तसंच टेबल मांडलं आणि नोकरी पक्की झालेल्या व्यावसायिक विद्यार्थ्यांना त्यांच्या नव्या मालकाच्या प्रतिनिधीशेजारी बसवून सह्या करायला लावल्या. त्याचे फोटो दूरवर पोहोचले, आणि नंतर इतर ठिकाणीही असे सोहळे होऊ लागले. हे करायला एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पेन लागतं. कंपनीकडून पर्यवेक्षक आला तर उत्तमच; नाही आला तर पत्र मागवा आणि ते मोठ्याने वाचा. पदाचं नाव आणि कामाचं स्वरूप सांगा. पगार सांगू नका, तो त्या मुलाचा खाजगी विषय आहे.

पहिला-दुसरा-तिसरा की ठरलेली पातळी?

माझं मत पातळीच्या बाजूने आहे. क्रमांक दिले की वर्गातले तीन जण मंचावर जातात आणि बाकीचे प्रेक्षक होतात, मग त्यांचे जॉब कितीही बरोबर असोत. पातळी ठरवली की तिथे पोहोचणारा प्रत्येक जण मानकरी. जागतिक पातळीवरची कौशल्य स्पर्धा वर्ल्डस्किल्स हिची सुरुवात १९५० मध्ये माद्रिदला झाली, तेव्हा स्पेन आणि पोर्तुगाल या दोनच देशांची मुलं तिच्यात होती. २०२४ मध्ये ती फ्रान्समध्ये लिऑनला भरली. तिथे सोनं, रुपं, कांस्य आहेच; पण पदक न मिळालेल्या आणि ७०० किंवा त्याहून जास्त गुणांपर्यंत पोहोचलेल्या प्रत्येकालाही 'मेडॅलियन फॉर एक्सलन्स' मिळतं. मानाची जागा तिघांपुरती अडवून ठेवलेली नाही. फ्रान्समध्ये १९२४ पासून आपापल्या धंद्यातल्या उत्तम कारागिरांसाठी एक मोठी स्पर्धा चालत आली आहे. ती जिंकणाऱ्यांना कॉलरवर निळा-पांढरा-लाल पट्टा लावायचा मान मिळतो. तिथेही परीक्षक कामाची पातळी पाहतात. एका व्यवसायात एका वेळी अनेक जण निवडले जाऊ शकतात आणि कधी एखाद्यात कुणीच निवडलं जात नाही.

तुमच्या शाळेत हे असं करा. प्रत्येक ट्रेडच्या शिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीला एका पानावर लिहून काढायचं की आमच्याकडे 'उत्तम काम' म्हणजे काय. फिटिंगमध्ये: सगळी मापं ड्रॉइंगवरच्या टॉलरन्समध्ये (चालेल इतक्या फरकात), एकमेकांत बसणारा नर-मादी जोड चारही बाजूंनी फिरवून बसतो, एकही बर (कडेला राहिलेला धातूचा टोकदार कण) शिल्लक नाही. शिवणकामात: रेषा आणि चौकडी शिवणीवर जुळतात, आतली बाजू बाहेरच्या इतकीच स्वच्छ. सुतारकामात: डव्हटेल जोड भरणीशिवाय घट्ट. हे पान वर्कशॉपच्या भिंतीवर लावा. मुलांना आधीपासून माहीत असलं की ती स्वतःचा जॉब स्वतः तपासायला लागतात, आणि शेवटी निवडीवरून कुरबूर होत नाही.

बक्षिसाबाबत एक सावधगिरी सांगते. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर, न सांगता दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातली मुलं चित्रांकडे कमी वळली. अचानक मिळालेल्यांची आवड तशी घटली नाही. आमची मुलं मोठी आहेत, पण मी यातून एवढं घेतलं की प्रत्येक जॉबला आधीपासून बक्षीस लावायचं नाही. वर्षाअखेरची पातळी सर्वांना माहीत असावी. मधली शाबासकी मात्र अवचित द्यावी: वर्कशॉपच्या दाराशी एक फळी ठेवा, एखादा जॉब आवडला की त्यावर नेऊन ठेवा, खाली नावाची चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी मुलाला तो तिथे दिसतो. दर आठवड्याला ठेवायलाच हवा असा नियम करू नका. ज्या आठवड्यात आवडण्यासारखं काही नसेल, तेव्हा फळी रिकामी राहू द्या.

ते एक वाक्य

सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवते. मंचावर मुलाबद्दल एकच वाक्य वाचलं जातं, तेच प्रशस्तिपत्रावर छापलेलं असतं, आणि तेच पुढे त्याच्या फाईलमध्ये जातं. त्यामुळे ते नेमकं हवं.

वाक्यात तीन गोष्टी याव्यात: काय बनवलं किंवा केलं, त्यात अवघड काय होतं, आणि त्या अवघड जागी मुलाने काय केलं. विशेषणं जितकी कमी तितकं वाक्य खरं वाटतं. काही नमुने देते.

"विजेच्या मोटरसाठी फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टरचं पॅनल जोडलं, दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले जाऊ नयेत म्हणून इंटरलॉक तपासल्याशिवाय सप्लाय दिला नाही."

"केसांना रंग लावण्याआधी प्रत्येक वेळी पॅच टेस्ट घेतली आणि पूर्ण ४८ तास थांबली, समोरची व्यक्ती घाई करत असतानाही."

"पलंगावरून खुर्चीत बसवताना रुग्णाला आधी काय करणार ते सांगितलं, चाकांचे ब्रेक लावले, आणि मगच हात लावला."

"शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या नोंदीचा प्रोग्रॅम लिहिला, ग्रंथपालांनी वापरून पाहिल्यावर सापडलेल्या चुका एकेक करून दुरुस्त केल्या."

त्या त्या ट्रेडच्या माणसाने हे ऐकलं की तो मान हलवतो, कारण नेमकी कुठे कसोटी लागते ते त्याला माहीत असतं. ज्याला ट्रेडमधलं कळत नाही, त्यालाही एवढं उमगतं की या मुलाने काहीतरी जबाबदारीचं केलं आहे. याच्या जागी "हुशार आणि होतकरू विद्यार्थी" वाचून पाहा. ते कुणालाही लागू होतं, म्हणून कुणालाच लागत नाही.

'हुशार' हा शब्द मी आणखी एका कारणाने टाळते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना त्यांच्या बुद्धीबद्दल शाबासकी दिली आणि काहींना त्यांच्या प्रयत्नांबद्दल. नंतर अवघड कोडी समोर आली तेव्हा बुद्धीची स्तुती झालेली मुलं लवकर खचली, त्यांचा रसही कमी झाला. लेथवर तर पहिला जॉब बिघडणार हे ठरलेलंच असतं. तिथे मुलाला आधार देणारी गोष्ट म्हणजे 'मी मागच्या वेळी टूलची उंची सेंटरला लावून घेतली आणि ते जमलं' ही आठवण. आपलं वाक्य त्याला तीच आठवण करून देणारं असावं.

वाक्य लिहून झालं की मुलाला आधी वाचायला द्या. हे चुकवू नका. "मॅडम, ते मी एकट्याने केलं नाही, दोघांनी मिळून केलं" असं मुलं स्वतःहून सांगतात, आणि मग दुसऱ्याचं नावही त्यात येतं. कधी एखादीला आपल्याबद्दलची एखादी गोष्ट सगळ्यांसमोर यायला नको असते. घरची अडचण, आजार, शिकण्यातली अडचण, मागे नापास झालेलं वर्ष, हे मुलाने स्वतः सांगायचं ठरवल्याशिवाय वाक्यात येता कामा नये. "अशा परिस्थितीतूनही" हे शब्द ऐकताना मंचावरच्या मुलाची मान खाली जाते. ज्या दिवशी ती वर असायला हवी, त्या दिवशी.

टेबलं मांडताना

मुलांची कामं मांडून दाखवल्याने किती फरक पडू शकतो याचं एक मोठं उदाहरण इतिहासात आहे. १८७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलने आपल्या विद्यार्थ्यांचे जॉब मांडले होते. संस्थेचे प्रमुख व्हिक्टर डेला-व्होस यांनी हातकामाचे छोटे छोटे टप्पे पाडून, सोप्यापासून अवघडापर्यंत एकामागून एक जॉब अशी मालिकाच बसवली होती, आणि ती मालिकाच प्रदर्शनात ठेवली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी ती पाहिली आणि आपल्या संस्थेत त्या धर्तीवर वर्कशॉप सुरू केली. सेंट लुईसमध्ये कॅल्विन वुडवर्ड यांची हातकामाची शाळा १८८० मध्ये उघडली, आणि अमेरिकेत या शिक्षणाची लाट आली. त्या मांडणीत पाहणाऱ्याला शिकण्याचा क्रम दिसत होता, आणि माझ्या मते तिचं बळ त्यातच होतं.

तोच क्रम आपणही दाखवायचा. प्रत्येक मुलाला टेबलाचा एक भाग द्या. डावीकडून सुरुवात: ड्रॉइंग, मग कच्चा माल, मग अर्धवट झालेला जॉब, मग तयार जॉब. यासाठी वर्षात मधेच एक-दोन अर्धवट जॉब बाजूला काढून ठेवावे लागतात, आधीच ठरवा. शेजारी पहिल्या महिन्यातला जॉब ठेवायला मूल तयार असेल तर जरूर ठेवा. बहुतेक जण हसत हसत तयार होतात, पण विचारायला हवं.

प्रत्येक ट्रेडमधलं डोळ्यांना न दिसणारं काम उघडून दाखवण्याची एखादी रीत असते, ती शोधा. वेल्डिंगचं घ्या. बाहेरून सुंदर दिसणारा बीड, म्हणजे वेल्डची रेघ, आत पोकळ असू शकतो, आणि बाहेरच्या माणसाला फक्त बाहेरचं दिसतं. आमच्याकडचे वेल्डिंगचे सहकारी मुलाच्या जोडाचा एक तुकडा आडवा कापतात, कापलेली बाजू बारीक पॉलिश पेपरने आरशासारखी करतात आणि तिच्यावर सौम्य आम्ल लावतात. काही क्षणांत राखाडी पोलादावर वेल्डचा आकार उमटतो: दोन पट्ट्यांच्या मुळापर्यंत उतरलेला धातू, त्याच्या कडेने उष्णतेने बदललेल्या भागाची किनार. तो तुकडा आणि न कापलेला जोड शेजारी शेजारी ठेवला की कुणालाही समजतं, हा जोड खरंच धरलेला आहे. आम्लाचं काम शिक्षकाने स्वतः करायचं, हातमोजे आणि चष्मा घालून, हवेशीर जागी, आणि मुलांच्या गर्दीत कधीच नाही.

फिटिंगच्या टेबलावर एक गुण्या आणि मागे एक दिवा ठेवा. पाहुण्यांना सांगा, जॉबला गुण्या लावा आणि उजेडासमोर धरा. फट असेल तर प्रकाशाची रेघ दिसते. रेघ दिसली नाही की माणसं पुन्हा एकदा लावून पाहतात, आणि मग मुलाकडे पाहतात. शिवणकामात कपडा उलटा करून टांगा. विजेच्या पॅनलचं दार उघडं ठेवून वायरींची बांधणी दाखवा, मात्र सप्लाय काढलेला आणि प्लग डोळ्यांसमोर ठेवलेला असावा. चालवून दाखवायचं असेल तर कमी व्होल्टेजचं मॉडेल वापरा.

रुग्णसेवा, पाहुणचार, केशरचना या ट्रेडच्या शिक्षकांची तक्रार असते की आमच्याकडे टेबलावर ठेवायला काही नाही. तिथे करून दाखवणं हाच जॉब. पलंग, चाकाची खुर्ची, रुग्णाच्या जागी वर्गातला एखादा मित्र, आणि पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक. शेजारी दुसऱ्या विद्यार्थ्याने उभं राहून प्रत्येक पायरी का करायची ते बोलायचं.

'हात लावू नये' अशा पाट्या नकोत. उलट हातात घेता येतील असेच जॉब पुढे ठेवा. त्यासाठी आदल्या दिवशी प्रत्येक कड बोटाने तपासून बर काढून टाका. टेबलाची उंची चाकाच्या खुर्चीवरून पाहणाऱ्यालाही सोयीची हवी. प्रकाश बाजूने पडू द्या, डोक्यावरच्या दिव्यात पृष्ठभागाचा पोत मरतो.

मुलं टेबलामागे, पाहुणे टेबलासमोर

प्रमुख पाहुणा कोण असावा यावर शाळेत पुष्कळ चर्चा होते. माझं म्हणणं, एक नामवंत व्यक्ती येण्यापेक्षा ट्रेडमध्ये आयुष्य घालवलेले चार लोक यावेत: यंत्रशाळेतला पर्यवेक्षक, जुनी शिवणकामगार, विजेचं काम करणारा कंत्राटदार, रुग्णालयातली परिचारिका. आपल्याच शाळेतून गेलेले जुने विद्यार्थी तर हवेतच. त्यांना भाषण करायला लावू नका. प्रत्येक टेबलापाशी जाऊन प्रश्न विचारायचे, एवढंच त्यांचं काम.

एका वर्षी एक निवृत्त टर्नर आले होते. वर्गात तोंडातून शब्द न फुटणारा एक मुलगा आपल्या जॉबमागे उभा होता, त्याने पायऱ्यांचा शाफ्ट, म्हणजे टप्प्याटप्प्याने जाडी बदलणारा दांडा, केला होता. या गृहस्थांनी शाफ्ट उचलला, त्याच्या पायरीच्या कोपऱ्यातल्या वळणावरून अंगठ्याचं नख हळूच फिरवलं आणि विचारलं, "हा रेडियस कशाने मारलास?" मुलगा म्हणाला, "टूल स्वतः घासलं, सर. आधी गेजला लावून पाहिलं, दोनदा चुकलं." "टूल आहे का इथे?" मुलाने खिशातून कापडात गुंडाळलेलं टूल काढलं. त्यानंतर ते दोघं बराच वेळ घासण्याच्या कोनाबद्दल बोलत राहिले आणि मागे रांग थांबली. मुलाची आई शेजारी उभी होती. बोललेल्यातलं तिला फार समजलं नसेल, पण एक जाणता माणूस आपल्या मुलाशी बरोबरीने बोलतोय हे तिला दिसत होतं.

पालकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. 'मार्क कमी पडले म्हणून इकडे घातलं' अशी खंत मनात घेऊन आलेले पालक प्रत्येक वर्षी असतात. त्यांना व्यावसायिक शिक्षणाचं महत्त्व भाषणातून पटवायला जाऊ नका. मुलालाच त्यांना टेबलापाशी न्यायला सांगा आणि आपण बाजूला व्हा.

मुलांकडून आधी तालीम करून घ्या, तीन प्रश्नांची: काय बनवलं, कुठे अडलं, पुन्हा करायचं झालं तर काय बदलशील? पाठांतर नको. वर्गात जोड्या लावून एकमेकांना विचारू द्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येतं, तो मुलाखतीतही अडत नाही. जे मूल लोकांसमोर बोलायला खरोखर घाबरतं, त्याच्याबरोबर मित्राला उभं करा, किंवा त्याला बोलण्याऐवजी करून दाखवू द्या.

मंच

मंचाचा भाग आटोपशीर ठेवा, प्रदर्शनाच्या निम्म्याहून कमी वेळात. प्रत्येक नावाचा उच्चार मुलाला विचारून घ्या आणि निवेदकाच्या कागदावर तसाच लिहा. प्रशस्तिपत्रावरचं स्पेलिंगही त्याच्याकडूनच तपासून घ्या. ट्रेडचा क्रम दरवर्षी बदला, नाहीतर शेवटच्या ट्रेडची मुलं कायम रिकाम्या सभागृहासमोर येतात. वाक्य त्याच ट्रेडच्या निदेशकाने वाचावं. जॉब मंचावर आणता येण्यासारखा असेल तर मुलाने हातात घेऊनच यावं.

तारखेचा प्रश्न असेल तर १५ जुलै लक्षात ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१४ मध्ये हा दिवस जागतिक युवा कौशल्य दिन म्हणून ठरवला. सत्राच्या वेळापत्रकात बसत असेल तर चांगलं निमित्त आहे. नसेल तर वार्षिक काम संपल्यावर, पण मुलं शाळा सोडून पांगण्याआधी.

फोटो

फोटो प्रसिद्ध करायचे तर मुलांची आणि अठरा वर्षांखालच्यांच्या पालकांची लेखी परवानगी आधी घ्या, आणि नकार देणाऱ्याला कारण विचारू नका. त्याच्या जॉबचा आणि हातांचा फोटो तेवढाच छान येतो.

यंत्रावरचा फोटो घेताना कॅमेऱ्याआधी निदेशकाची नजर फिरू द्या. चष्मा डोळ्यांवर हवा, कपाळावर नको. केस बांधलेले, बाह्या घट्ट, गळ्यात काही लोंबतं नको. लेथ किंवा ड्रिलसारख्या फिरणाऱ्या यंत्रापाशी हातमोजे घातलेले नसावेत, ते ओढले जातात. वेल्डिंगला मात्र हवेतच. चुकीच्या पद्धतीने उभ्या असलेल्या मुलाचा फोटो भिंतीवर लागला की पुढची तुकडी तेच पाहून शिकते.

काय द्यायचं

चषक देऊ नका. त्याच खर्चात हत्यार येतं. पोलादी पट्टी, गुण्या, चांगली कात्री, इन्सुलेटेड पेचकस, मोजपट्टी, ज्याच्या त्याच्या ट्रेडचं. त्यावर मुलाचं नाव कोरा. आमच्याकडे हे नाव पुढच्या वर्षीची मुलंच कोरतात, त्यांचा सराव होतो. हत्यार कामाच्या पहिल्या दिवशी पिशवीत असतं, आणि स्वतःचं हत्यार घेऊन आलेल्या मुलाकडे तिथली माणसं वेगळ्या नजरेने पाहतात.

हत्याराबरोबर एक पत्र द्या, शाळेच्या लेटरहेडवर, निदेशकाच्या सहीने. त्यात ते वाक्य, मुलाने स्वतंत्रपणे चालवलेली यंत्रं आणि केलेली कामं, आणि कुठल्या प्रकारचं काम त्याच्यावर देखरेखीशिवाय सोपवता येईल हे स्पष्ट लिहा. जे येत नाही ते येतं असं लिहू नका. एका मुलासाठी वाढवून लिहिलेलं पत्र त्याच्यामागून येणाऱ्या सगळ्यांच्या पत्रांची किंमत घालवतं.

दुसऱ्या दिवशी

जॉब मुलांना परत द्या. शाळेचा माल आहे म्हणून तो भंगारात टाकायची पद्धत असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून ती बदलून घ्या. प्रत्येक जॉबचे तीन फोटो काढून ठेवा: पूर्ण, एखाद्या अवघड जागेचा जवळून, आणि मोजमाप चालू असताना. ते फोटो, ड्रॉइंगची प्रत आणि पत्र एका फाईलमध्ये घालून एक संच मुलाला द्या, एक शाळेत ठेवा. दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलताना मुलं हे मागायला येतात, आणि तोवर त्यांच्याकडची प्रत बहुधा हरवलेली असते.

पाहुण्यांना त्याच आठवड्यात फोन करून विचारा, कुठल्या टेबलापाशी काय आवडलं, काय कमी वाटलं. ते जे सांगतील ते वहीत टिपून घ्या आणि त्या त्या मुलाला कळवा, निदेशकांनाही. पुढच्या वर्षीच्या पातळीच्या पानात काय बदलायचं ते बहुतेक वेळा याच फोनमधून ठरतं. मग नवी वही आणा, पहिल्या पानावर नव्या तुकडीचा हजेरीपट चिकटवा आणि दोरीने बांधून खिडकीशेजारी लटकवा.